आधी कोण?

फाटक एक. त्याला कुलपं दोन: एक अलीकडचं, एक पलीकडचं. प्रार्थनाघरंही दोन, आणि त्यांतली घड्याळंही दोन. अलीकडचं एकोणीस मिनिटं पुढे, पलीकडचं एकवीस.

ही चाळीस मिनिटं घड्याळवालीच्या हातची होती. दर सोमवारी ती दोन्हीकडे चावी द्यायला जाई.

"तिकडचं किती पुढे आहे गं?" अलीकडचे आजोबा, म्हणजे तिथले प्रमुख, सहज विचारल्यासारखं विचारत.

"दोन मिनिटं."

"मग आपलं चार कर. आपली माणसं आधी बाहेर पडलेली बरी."

पलीकडच्या आजोबांनाही नेमकं हेच बरं वाटे. गिऱ्हाइकाचं मन कशाला मोडा, म्हणून ती काटे सरकवत राहिली. शेवटी एके दिवशी एकीकडची प्रार्थना जरा लांबली आणि दोन्ही एकदमच सुटल्या. फाटकात 'आधी आम्ही, आधी आम्ही' सुरू झालं, ढकलाढकली झाली, चार काचा फुटल्या, आणि फाटकाला दोन्ही बाजूंनी कुलपं लागली. त्याला अकरा महिने झाले.

तिला काम शिकवणारे मास्तर पलीकडे राहत. पूर्वी रोज दुपारी ते फाटकातून येऊन तिच्या अलीकडच्या दुकानातल्या स्टुलावर बसत आणि तिच्या कामातल्या चुका काढत. आता वळसा घालून यायला दोन किलोमीटर पडत, आणि मास्तरांचा खुबा दुखरा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज थोडं चालले नाहीत तर चालणंच सुटेल.

"नुसतं चालायचं म्हणून कोण चालतं?" मास्तर खाटेवरून म्हणाले. "कुठंतरी जायचं असावं लागतं. आणि घड्याळ कुणाच्या बाजूचं नसतं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तू माझी शिष्या की त्यांची?"

ते तिला झोंबलं.

सोमवारी ती अलीकडे गेली. टोल्याच्या घड्याळाचे काटे मागे फिरवत नाहीत. लंबक थांबवून खरी वेळ काट्यांना गाठेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे एकोणीस मिनिटं आजोबांना घड्याळाकडे बघू द्यायचं नव्हतं.

"आजोबा, भांडण मिटवण्याबद्दल तुमच्या ग्रंथात काय आहे हो?"

आजोबा खूश झाले. चष्मा शोधण्यातच सहा मिनिटं गेली. मग ते ठणठणीत आवाजात वाचू लागले, आणि एका ओळीशी अडखळले. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, या वेळी हळू.

"दोघांत जो आधी क्षमा मागेल, तो देवाच्या अधिक जवळ."

"आधी?" तिनं विचारलं.

"आधी," आजोबा म्हणाले आणि ग्रंथ बाजूला ठेवून खिसे चाचपू लागले.

पलीकडे तिनं लंबक एकवीस मिनिटं थांबवला. ग्रंथ वेगळा, अक्षरं वेगळी. पण 'आधी' तिथंही होतंच.

"त्यांच्यातही आहे का हे?" पलीकडच्या आजोबांनी ग्रंथ मिटत विचारलं.

"आत्ताच वाचून दाखवलं त्यांनी."

"मग? काही ठरवलं का?"

"मी निघाले तेव्हा किल्ली शोधत होते."

पलीकडचे आजोबा ताडकन उठले. "आमची किल्ली कुठाय रे? उद्या चारला प्रार्थना सुटली, की मीच जातो! आणि तू गं, आपलं घड्याळ पुढे घेतलंस ना?"

"हवं तिथे आणून ठेवलंय, आजोबा."

परत आली, तर अलीकडचे आजोबा दुकानाच्या दारातच उभे. त्यांचंही उद्या चारला ठरलं होतं. "तिकडे सांगू नकोस हं," ते कुजबुजले.

तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारचे टोले दोन्हीकडून एकदम पडले. दोन्ही आजोबा लगबगीनं फाटकाशी आले. कुलपं निघाली, दार करकरत उघडलं.

"माफ करा!" दोघंही एकदमच म्हणाले.

"मी आधी म्हणालो."

"छे हो, मी दार उघडतानाच म्हणालो!"

"मनातल्या मनात धरत नाहीत!"

मागची माणसं आधी गोंधळली. मग कुणाला तरी हसू आलं आणि ते दोन्ही बाजूंना पसरलं.

"तू सांग गं," अलीकडचे आजोबा घड्याळवालीला म्हणाले. "आधी कोण?"

तिचं लक्ष नव्हतं. फाटकापलीकडे मास्तरांच्या दारात काठीचा आवाज झाला होता. तिनं हातातलं घड्याळ सुरू केलं.

मास्तरांच्या दारापासून दुकानातल्या स्टुलापर्यंत एकशे अठरा पावलं. सात मिनिटं दहा सेकंद.