शेवटच्या रांगेतली खुर्ची

फिंटन हार्नेटने काठीच्या टोकाने विजेची शेगडी रंगमंचाच्या आणखी जवळ ढकलली, तशी ब्रीज वरून खेकसली.

"मला भाजून खायचा बेत आहे का तुझा?"

"थंडीने तुझा आवाज बसतो."

"आमचे हे होते तेव्हा नाही बसला, तो आता बसतोय होय!"

चर्चच्या हॉलमध्ये हशा पिकला. ब्रीज लाव्हेल आणि फिंटन याच गावच्या शाळेत शिकले. तिने पुढे खाटकाचं दुकान चालवलं; तो कॅनडात साहित्याचा प्राध्यापक झाला, तिथे नाटकं बसवू लागला आणि निवृत्त झाल्यावर गॉलवेच्या या किनाऱ्यावर परतला. इथल्याच एका शाळामास्तरणीने लिहिलेलं आणि कधीच रंगमंचावर न आलेलं एक नाटक त्याने हयातभर अभ्यासलं होतं. त्यावर जाडजूड पुस्तकही लिहिलं होतं. ते पुरतं वाचलेली माणसं एका टेबलाभोवती ऐसपैस बसली असती.

येत्या शुक्रवारी ते नाटक पहिल्यांदा उभं राहणार होतं. आणि त्याच दिवशी डब्लिनच्या इस्पितळात फिंटनच्या हृदयावर शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी धीर दिला होता, पण त्याआधी बराच वेळ घसा खाकरला होता. तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. मंडळींना त्याने यातलं काही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं, तर नाटक राहिलं असतं बाजूला आणि सगळे त्याच्यासाठी मेणबत्त्या लावत बसले असते.

"सर, शेवटच्या रांगेतली ती कडेची खुर्ची नेहमीसारखी तुमच्यासाठी राखायची ना?" मॅलकीने विचारलं. तो एरवी बस चालवायचा, नाटकात ब्रीजचा मुलगा होता आणि तिकिटंही तोच विकायचा.

"विकून टाक. या वेळी मी उभा राहीन."

काठीवर रेलून उभ्या असलेल्या माणसाने हे म्हणावं! ब्रीजने शाल सारखी करता करता त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. आणि एक नजर मागच्या त्या खुर्चीकडे टाकली.

"शेवटचा प्रवेश," तो घाईने म्हणाला.

नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही, ते पहिल्या प्रयोगालाच. आधी उच्चारलं तर नाटक पडतं, अशी त्या मंडळींची पक्की समजूत. फिंटन वर्गात अशा समजुतींची टिंगल करायचा आणि तालमीत त्या निमूट पाळायचा. ब्रीज त्या जागी रोज वेगळंच काहीतरी ठोकून द्यायची. परवा म्हणाली, "फादरच्या कुत्र्याने माझी सॉसेजं पळवली." काल म्हणाली, "मॅलकी, तुझी चेन उघडी आहे." आणि ती खरंच होती.

प्रवेश सुरू झाला. बेटावरून शेवटची होडी सुटायची वेळ. मॅलकीने पेटी उचलली, आईकडे पाठ केली आणि निघाला. फिंटन हसायच्या तयारीने पुढे झुकला.

"दार लोटू नको रे," ब्रीज म्हणाली. "वारा काही परका नाही."

मॅलकीच्या हातून पेटी सुटली. त्याने छातीवर क्रूस काढला. "ब्रीजमावशी! काय केलंत हे? आता नाटक पडणार!"

"पडू दे. उचलू."

फिंटनने ते वाक्य कागदावर इतक्यांदा वाचलं होतं की त्याला ते नुसतं दिसायचं. खाटकिणीच्या त्या जाड, खरखरीत आवाजात ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. समोरचं धूसरच राहिलं.

"एरवी श्वास घेतला तरी चूक काढतोस," ब्रीज म्हणाली. "आज काढ की."



"'लोटू नको रे'नंतर जरा थांब."

"किती?"

"कोणी परत येतंय का, ते बघण्यापुरतं."

तिने मान हलवली आणि शाल आवळून आपल्या जागी गेली.

"मॅलकी, उचल ती पेटी. एकदा नेम मोडलाय ना, आता काय व्हायचंय?"

मॅलकी कुरकुरत पुन्हा निघाला.

"दार लोटू नको रे," ब्रीज म्हणाली आणि थांबली. फिंटनच्या डोक्यावरून पार मागे, शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघत ती नुसती थांबून राहिली.