गायमुखच्या अलीकडे

वर्तमानपत्रात घातलेल्या एका गुलाबी कागदावर ती जाहिरात आली होती. कोलशेत बंदरावरून वेगवान बोटीने निघा, वसईच्या पुढे समुद्रात डॉल्फिन बघा आणि दुपारच्या जेवणाला घरी या. मंदाकिनीने तो कागद आठवडाभर पर्समध्ये ठेवला आणि मग नवऱ्याला न विचारताच दोन तिकिटं काढून टाकली.

ती डोंबिवलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. ठाकुर्लीच्या बाजूला त्यांचा फ्लॅट होता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि प्रत्येक सुट्टी सावंतवाडीकडे नवऱ्याच्या गावी गणपतीला गेली होती. तिथे ती दिवसभर चुलीपाशी असायची. कुठे जायचं ते तिने आजवर एकदाही ठरवलं नव्हतं.

"डॉल्फिन?" मधुसूदन म्हणाला. "अगं, मासाच ना तो? बाजारात जाऊन बघ की."

"तुम्ही येणार आहात का नाही, तेवढं सांगा."

तो आला. मात्र घरातून निघाल्यापासून त्याची कुरकुर चालू होती. ऊन फार आहे, बूट भिजतील, असले उद्योग वीस वर्षांच्या पोरांनी करावेत.

बंदरावर बोट तयार होती. पांढरीशुभ्र, मागे मोठं इंजिन आणि बाजूला लाल अक्षरांत 'सागरवेग'. या दोघांशिवाय एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं आणि दोन लहान मुलांना घेऊन आलेले एक गृहस्थ. पण बोट काही निघेना. बोटीचा मालक कोर्डे, काळा गॉगल लावलेला तरुण माणूस, त्याच्या कुणा पाहुण्यांची वाट बघत होता. बोट चालवणारा मोरू दोनदा येऊन सांगून गेला, "शेठ, पाणी उतरायला लागलंय. आता निघाय पायजे."

"अरे दहा मिनटं थांब रे," कोर्डे म्हणाला.

दहा मिनिटांचा तास झाला, वर आणखी अर्धा. पाहुणे आलेच नाहीत. मधुसूदनने घड्याळ बघून बघून मंदाकिनीला नको नको करून सोडलं.

शेवटी बोट सुटली. सुटली ती अशी, की मुलं किंचाळली आणि मंदाकिनीचा पदर सरळ मागे बसलेल्या नव्या नवरीच्या तोंडावर गेला. पाण्याचे फवारे उडत होते, डावीकडे येऊरचे डोंगर पळत होते. मंदाकिनीला इतकं बरं वाटलं, की ती एकटीच हसत सुटली. कोलशेतचं बंदर केव्हाच मागे गेलं होतं.

"वेळ भरून काढ," कोर्डे ओरडला. "मधून घाल, वळसा नको."

"शेठ, मधी गाळ आहे."

"अरे घाल म्हणतो ना!"

गायमुखच्या अलीकडे खालून खर्रकन आवाज आला. सगळे पुढच्यांच्या अंगावर जाऊन आदळले. इंजिनाने काळा चिखल उसळवला आणि ते बंद पडलं.

मोरूने बांबूने ढकललं. कोर्डे गुडघ्याएवढ्या चिखलात उतरला आणि कमरेएवढा आत गेला. त्याला वर ओढताना त्याचा गॉगल गेला. तासाभरात बोटीभोवतीचं पाणीही गेलं. पलीकडे एक अरुंद पट्टा तेवढा वाहत राहिला.

"आता?" मधुसूदनने विचारलं.

"भरती येईपर्यंत थांबायचं," मोरू म्हणाला. "तीन वाजतील."

"मी सांगितलेलं," मधुसूदन म्हणाला. मग दर थोड्या वेळाने तो तेच म्हणत राहिला. "मी तुला सांगितलेलं ना, मंदा?"

बोटीला छप्पर नव्हतं. पाण्याची बाटली मुलांनी संपवली. नवी नवरी रडायला लागली आणि तिचा नवरा कोर्डेशी भांडायला लागला. आणि मंदाकिनीपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. सकाळी सहाला घरातून निघाल्यापासून ती कुठे गेली नव्हती. पुरुष बोटीच्या मागच्या टोकाला पाठ करून उभे राहून मोकळे झाले. ती काय करणार? मांडीवर मांडी घट्ट दाबून ती समोरच्या तिवरांच्या झाडीकडे बघत बसली. कुणाला सांगणार? मधुसूदनला सांगितलं असतं तर तो परत तेच वाक्य म्हणाला असता.

त्या अरुंद पट्ट्यातून एक लहान होडी आली. साडीचा काष्टा घातलेली, साठीची एक कोळीण वल्हं मारत होती. सगळे एकदम ओरडायला लागले.

"ओ मावशी! इकडे या! पैसे देतो!" कोर्डे हात हलवत होता.

होडी थांबली. बाईने 'सागरवेग' ही लाल अक्षरं नीट बघून घेतली. वाचता येत नसलं तरी बोट ती ओळखत होती.

"आता बलवता व्हय?" ती म्हणाली. "परवाचे दिशी मी आरडत व्हते तवा कोन थांबला? माजं जालं फारून गेलाव. ऱ्हावा बसून."

"जाळ्याचे पैसे भरून देतो मावशी, जे काय असेल ते."

"तुजं नको मना काय."

तिने वल्हं पाण्यात घातलं. मंदाकिनी उठून उभी राहिली. बोट हलली.

"बाई, मला वाचवू नका," ती ओरडली. आवाज फाटला होता, शरमेने कान तापले होते. "पण मला जायचंय. सकाळपासून गेले नाहीये."

कोळणीने तिच्याकडे बघितलं आणि होडी चिखलाच्या कडेला आणली.

"फळी टाक रं," ती मोरूला म्हणाली. "हिला एकलीला नेते. दुसरं कोन उतरलं तं वल्हं घालीन डोक्यात."

मंदाकिनी पर्स छातीशी धरून फळीवरून सरकत होडीत गेली. कोळणीचं नाव बायजा होतं.

"कंला आल्याव हिकरं?"

"डॉल्फिन बघायला. उड्या मारतो ना, तो मोठा मासा."

"गादा?" बायजा वल्हं मारायची थांबली. "गादा बगाला? अगं, तो मेला जाली फारतो. माजा सासरा त्याला शिव्या द्यायचा. आन तुमी पैसं देऊन बगाला जाताव?"

मंदाकिनीला हसूही येईना आणि रडूही.

तिवरांमागे कोरडी जागा होती. ती परत आली तेव्हा बायजा होडी वळवत होती.

"मना जाऊ दे. पानी सरलं तं मी पन अडकंन. परत तिकरं नाय नेत. तो रस्ता दिसतो? घोडबंदरचा. गाडी मिलंल."

मंदाकिनीने बोटीकडे बघितलं. मधुसूदन डोक्यावर रुमाल टाकून बसला होता. तिने हात हलवला. त्याने दोन्ही हात वर करून काहीतरी विचारलं. तिने रस्त्याकडे बोट दाखवलं आणि चालायला लागली. चिखलाने माखलेल्या चपला हातात घेऊन, बसमध्ये लोकांच्या नजरा सोसत, ती भर दुपारी घरी पोचली. आंघोळ करून वरणभात जेवली आणि गाढ झोपली.

साडेसातला बेल वाजली. दारात मधुसूदन उभा होता. चेहरा भाजून लाल झालेला, पँट चिखलाने कडक झालेली. आता ऐकायला लागणार, म्हणून तिने मनाची तयारी केली.

"मंदा," तो म्हणाला, "अगं, दिसले!"

"काय दिसले?"

"डॉल्फिन! भरती आल्यावर तो कोर्डे म्हणाला, लोक पैसे परत मागतील, त्यापेक्षा जाऊनच येऊ. थेट समुद्रात नेलं. पाच होते, सहा असतील. अगदी बोटीजवळ!"

मंदाकिनी दारातच उभी राहिली. हा माणूस. ज्याला यायचंच नव्हतं, तो.

"कसे होते?" तिने विचारलं.

"म्हणजे... काळपट. मोठे."

"काळपट, मोठे? एवढंच?"

"अगं, पाठ वर यायची, परत आत जायची. म्हशीसारखी."

"म्हशीसारखी!" तिने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "डोळे कसे होते? आवाज केला का त्यांनी? पाणी उडलं का तुमच्या अंगावर?"

"आवाज... केला असेल. इंजिन चालू होतं ना." तो गोंधळून तिच्याकडे बघत होता. "अगं, एवढं कशाला चिडतेस? मला वाटलं तुला आनंद होईल."

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. त्याने चिखलाचे बूटही अजून काढले नव्हते.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "नीट आठवून. आणि परत म्हैस म्हणालात तर बघा."