छायाबाईंची दुनळी

पळसदरीच्या छायाबाईंनी पस्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. अणुचाचण्यांविरुद्ध मोर्चात चालल्या, तालुक्याच्या शांतता समितीवर बसल्या, आणि घरातल्या लोखंडी कपाटात स्वतःच्या नावावरची दुनळी बंदूक ठेवली. या शेवटच्या गोष्टीबद्दल त्या मुंबईच्या मित्रमंडळींकडे कधी बोलत नसत.

बंदूक मूळची सासऱ्यांची. चांगोबांनी रानडुकरांपासून भात राखायला घेतलेली. ते गेले, पुढे नवराही गेला आणि परवाना बाईंकडे आला. पोलीस ठाण्यात कायमची जमा करून टाकायची, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. पण नूतनीकरणाची तारीख आली की फॉर्म भरला जायचाच. भात पिकलं की बांधावर उभं राहून त्या हवेत एखादा बार काढत. खांद्याला धक्का बसे आणि सगळं शिवार गप्प होई. ते गप्प होणं त्यांना आवडायचं, आणि आवडतं याची लाजही वाटायची.

त्या दिवशी दुपारी जेवण आवरतायत तोवर पुतण्या प्रवीण आला. खोपोलीला कंपनीत नोकरीला, एरवी आला की चप्पल काढायच्या आधी चहा मागणारा. आज तो उंबऱ्यातच थांबला.

"काकू, बंदूक काढा."

"दिवसाढवळ्या डुकरं आली का रं?"

"डुकरं नाय." त्यानं मोबाइल पुढे धरला. हायवेवरच्या चौक गावातलं झाकीरचं गॅरेज, आत एक टेंपो उभा, टेंपोखाली लाल थारोळं. "गाय कापली त्यानं. चारला सगळी जमतायत."

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हे तेल आहे. स्टिअरिंगचं तेल लालच असतं. माझ्या गाडीचं गळलं होतं तेव्हा झाकीरनंच दाखवलं होतं मला."

"सगळा तालुका खोटं बोलतोय काय?"

"प्रवीण, मी येणार नाही आणि बंदूकही देणार नाही."

तो चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "चालवायची नाय काकू. नुसती दिसली पायजे." मग आतल्या खोलीकडे बघून हसला. "चावी अजून तांदळाच्या डब्यातच ठेवता ना?"

तो गेल्यावर बाईंनी झाकीरला फोन लावला. उचलला नाही. ठाण्यात लावला. "गाडी पाठवतो," एवढंच उत्तर मिळालं. चौकला जायला हवं होतं, आणि बंदूक घरात ठेवून जाणं आता शक्य नव्हतं. त्यांनी ती चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. काडतुसं घ्यायची नाहीत, असं ठरवून कपाट बंद केलं. पुन्हा उघडलं आणि दोन काडतुसं पर्समध्ये टाकली.

चौकला धाबे बंद होते. हायवेवरून ट्रक जात होते, पण चहाला एकही थांबत नव्हता. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं आणि समोर तीसेक माणसं. कुणाच्या हातात गज, एकाच्या हातात पेट्रोलची बाटली. बाईंनी गाडी थांबवली तसे चार-पाच जण काचेशी आले. चादर सरकली होती.

"बाई आल्या! बंदूक घेऊन आल्या!"

आता ती गाडीत ठेवली तर त्यांच्या हाती जाणार. बाई बंदूक घेऊन उतरल्या. गर्दी दुभंगली. लोकांनी हौसेनं वाट करून दिली. कुणी शिट्टी मारली. एकानं वाकून पायाला हात लावला. त्याला त्यांनी नववीत शिकवलं होतं. प्रवीणचा चेहरा अभिमानानं फुलला होता. त्या शटरपाशी पोचल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "घरी जा सगळे."

आधी हशा पिकला. मग बाईंनी पर्स उघडली, दोन्ही काडतुसं भरली, नळी बंद केली. तो खटका सगळ्यांना ऐकू गेला. नळी वर येऊन थांबली तिथं नेमका प्रवीण उभा होता.

"काकू, माज्यावर?"

बाईंचा हात जराही कापत नव्हता, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली. पेट्रोलवाला दोन पावलं मागं गेला. कुणी पुढं येईना, कुणी जाईना. एक जण मोबाइलवर सगळं टिपत होता.

पाठीमागून, शटरखालून, झाकीरचा दबका आवाज आला. "बाई, ती घेऊन जावा हितून. माज्या दारात बंदूक नको. पाया पडतो तुमच्या."

पंधरा मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. गर्दी पांगली. कुणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात ना गज होते, ना पेट्रोल, ना बाईंचा चेहरा. झाकीरचं शटर, त्यापुढे भरलेली बंदूक, आणि खाली लिहिलेलं, 'गॅरेजात हत्यारं'. झाकीरला दोन दिवस चौकशीला बसवून ठेवलं. टेंपोखालचं तेल तेलच निघालं, पण तोवर त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. बाईंची बंदूक जप्त झाली.

तीन आठवड्यांनी बाई लोधिवलीला झाकीरच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोनं, शकिलानं, चहा दिला आणि ती आत निघून गेली. झाकीर सामान बांधत होता. पनवेलला मेहुण्याकडे चालला होता.

"मी नसते आले तर त्यांनी पेटवलं असतं रे," बाई म्हणाल्या.

"पेटवलं असतं कदाचित," झाकीर म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पन आता कुनी गाडीच लावत नाय माज्याकडं. म्हनतात, याच्याकडं बंदूक हाय." त्यानं पान्यांची पेटी दोरीनं करकचून आवळली आणि बाईंकडे न बघता म्हणाला, "चहा घ्या. निवतोय."

पौषात ठाण्याचं पत्र आलं. ताकीद देऊन बंदूक परत मिळणार होती. बाईंनी ती कायमची जमा करण्याचा अर्ज लिहिला, सही केली, पाकिटात घातला.

त्याच दिवशी प्रवीण आला. चौकनंतर पहिल्यांदाच. पाया पडला, चहा मागितला. खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज होता, कारण पीक संरक्षण.

"ओळखीची दोन मान्सं लिवायचीत. तुमचं नाव टाकलंय. चालंल ना?"

"तुला कशाला बंदूक?"

"त्या दिवशी बगितलं ना मी," प्रवीण म्हणाला. "तीस मान्सं हुती काकू. तुमी एकट्या." त्याच्या आवाजात राग नव्हता, खराखुरा आदर होता. "चौकला हुती त्यातली आनखी चार जनं पन अर्ज भरतायत."

तो गेल्यावर चहाचे कप तसेच राहिले. बाईंनी पाकीट फोडलं, अर्जाचे चार तुकडे केले, गाडीची किल्ली घेतली आणि ठाणं बंद व्हायचं असल्यासारख्या घाईघाईनं बंदूक आणायला निघाल्या.