नसलेल्या पिल्लांची आई

मी चांदी. आगरदांड्याला कमळआजींच्या ओटीवर झोपणारी कुत्री. माझं भुंकणं सगळ्यांना कळतं. जे कळलं नाही, ते आज सांगते.

उन्हाळ्यात मी माजावर आले, तेव्हा आजींनी मला मागच्या पडवीत कोंडून ठेवलं. एकही कुत्रा आत आला नाही. तरी दोनेक महिन्यांनी पोट सुटलं, आचळं भरली, दूध आलं.

आजी मुलावर कडाडल्या, "केतन, कडी तूच उघडी ठेवलीस!"

"न्हाय गं आये, देवाशपथ!"

खरं मला ठाऊक होतं. पण माझ्या अंगाला तरी ते कुठे पटत होतं? केतनची लेक प्राप्ती, तिची कापडी बाहुली मी पलंगाखाली ओढून नेली, पोटाशी धरली, चाटत बसले. दूध दाटून दुखे, तेव्हा आजी कोमट फडक्याने शेकून ते पिळून काढत. तेवढ्यापुरतं बरं वाटे. दुसऱ्या दिवशी अधिकच दाटे.

एका सकाळी प्राप्ती बाहुली घ्यायला वाकली आणि मी तिच्या हाताला चावले.

तिच्या किंकाळीने मी भानावर आले. रक्त बघून भिंतीला चिकटले. पोरीला टाके घालून, इंजेक्शन देऊन आणल्यावर केतनने दोरी काढली.

"हिला बोटीत घालतो नि खाडीपलीकडे दिघीला सोडून येतो."

"आधी मुरुडला डॉक्टरीणबाईंना दाखवू," आजी म्हणाल्या. "मग काय ते कर."

डॉक्टर शिवानींनी माझ्या पोटावरून मशीन फिरवलं. "आत पिल्लू नाही, नव्हतंच. माजानंतर कुत्र्याशी संबंध आला नाही, तरी गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन दोनेक महिने वाढलेलंच राहतं. ते उतरलं की प्रोलॅक्टिन वाढतं. दूध तेच आणतं, आईची मायाही तेच. तिचं शरीरच तिला फसवतंय. दूध कोणी पिळतं का?"

"मीच. तिचा भार हलका व्हावा म्हणून."

"पिळलं की प्रोलॅक्टिन आणखी वाढतं, आजी. दूध आटतच नाही."

आजी मुलाकडे वळल्या. म्हणाल्या, "केतन, तुला उगाच बोल लावला रे. नि हिचं दुखणंही मीच वाढवलं."

केतनने दोरी सैल केली.

गोळ्यांनी दूध आटलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून अंडाशय काढायचं ऑपरेशन व्हायचंय, ते दूध आटायच्या आत घाईने केलं असतं तर हेच पुन्हा उसळलं असतं म्हणे.

प्राप्ती अजून हाक मारते. मी जाते, पण जरा लांबच बसते. तिच्या हातावरचा व्रण दिसला की मान वर होत नाही. काल तिने विचारलं, "चांदी, तू माझ्यावर रागावलीस का गं?"

तुमच्यापैकी कोणीतरी तिला सांगा हो. मला तिथे प्राप्ती दिसलीच नव्हती. माझं पिल्लू कोणीतरी उचलून नेतंय, एवढंच दिसलं होतं.