सेरझिंगची सहावी पोथी

धरमशालेच्या ग्रंथालयात जुन्या पोथ्यांना नवी वस्त्रं शिवायचं काम निघालं, तेव्हा शिवणकाम येणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलावणं गेलं. छोझोमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, सुईत दोरा काही ओवता येत नव्हता. पण घरी एकटीनं जपमाळ ओढत बसण्यापेक्षा चार बायकांत बसलेलं बरं, म्हणून तीही आली. दोरा शेजारची देकी ओवून द्यायची आणि त्याबद्दल दिवसभर टोमणे मारायची.

चौथ्या दिवशी छोझोमच्या समोरच्या बुटक्या टेबलावर एक पोथी आली. तिनं मळकं वस्त्र सोडलं, वरची लाकडी फळी उघडी पडली आणि तिचा हात तिथेच थांबला. फळीच्या कोपऱ्यावर दोरानं पाडलेली खाच होती आणि खाचेशेजारी एक टवका उडालेला. हा टवका तिला डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. तीन उन्हाळे तो तिच्या खांद्यात रुतला होता.

"ही आमची आहे," ती म्हणाली. "सेरझिंगची. सहावी."

"झालं!" देकी म्हणाली. "काल म्हणे तो गालिचा तुमच्याकडचा. परवा दारातलं कुत्रंसुद्धा तुमच्याच गावचं निघालं होतं!"

बायका हसल्या. छोझोम हसली नाही. तिनं गेलेकला हाक मारली.

पोथ्यांचं खातं गेलेककडे होतं. जन्म बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतला. तिबेट त्यानं फोटोतच पाहिलेला. बोलायला मऊ, नियमाला मात्र पक्का. त्यानं नोंदवही उघडली. पोथी नेपाळमार्गे कुणा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आलेली. गाव: अज्ञात. त्या वहीत या शब्दाचं पीक भरघोस होतं.

"आमा-ला, खाचा सगळ्याच फळ्यांना असतात. आणि या ग्रंथाच्या बारा पोथ्या असतात, त्यात सहावी असायचीच. पुराव्याशिवाय गावाचं नाव कसं लिहू? उद्या यादी छापायला जाते."

"पाठीवर वाहिली आहे मी ही. कापणीच्या आधी बारा मुली बारा पोथ्या घेऊन शेतांना फेरी घालायच्या. सातू चांगला यावा म्हणून."

"फेरी तर गावोगाव निघायची, आमा-ला."

खरंच होतं ते. सेरझिंग आता कुठल्याच नकाशात नव्हतं. मुंडगोडच्या वसाहतीत छोझोमचा चुलतभाऊ होता, तोही मागच्या हिवाळ्यात गेला. त्यानंतर ते नाव तोंडानं घेणारी ती एकटीच उरली होती. सकाळी चहात सातूचं पीठ मळताना ती कधीकधी मोठ्यानं म्हणायची, सेरझिंग, आणि भिंतीकडे बघत बसायची. ओढा आठवायचा, सातूचा पिवळा वास आठवायचा आणि जीव नुसता तुटायचा. आपण मेल्यावर ते नाव कुठेतरी लिहिलेलं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. यादी उद्या छापली की तेही संपलं.

पुरावा तिच्याकडे होता. साठ वर्षं तो तिच्या घशात अडकून बसला होता.

"शेवटची पानं बघा, गेन-ला," ती हळूच गेलेकला म्हणाली. "एकमेकांना चिकटलेली असतील. त्यात काळा गाळ असेल, ओढ्याचा."

गेलेकनं मान वर केली. पोथीच्या तपासणीचं कार्ड त्यानं स्वतः, इंग्रजीत लिहिलं होतं. शेवटची नऊ पानं चिकटलेली, मध्ये काळी माती, कारण अज्ञात.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मीच पाडली. ओढा ओलांडताना पाय घसरला. मी सगळ्यांत मागे होते, मुलींपैकी कुणी पाहिलं नाही. ओली पोथी तशीच वस्त्रात गुंडाळली आणि घाबरून गप्प बसले."

बायकांच्या सुया थांबल्या. पोथी भुईला टेकवायचीसुद्धा नसते, तिथे ही पाण्यात पाडल्याचं सांगत होती.

"दहाव्या दिवशी गारा पडल्या. उभं पीक गेलं. गारा अडवायचं काम सामद्रुप आजोबांकडे होतं. ओढ्याकाठीच त्यांची झोपडी. गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं मंत्रात कुचराई केली. त्यांना गावाबाहेर काढलं. ते माझ्या दारावरून गेले, मला 'नीट राहा पोरी' म्हणाले. आणि मी तोंड उघडलं नाही." तिनं फळीच्या टवक्यावर बोट ठेवलं. "पुढच्या वर्षी आम्ही सगळेच परागंदा झालो. माफी मागायला गाव राहिलं नाही."

देकीनं कात्री खाली ठेवली. "वेडे," ती म्हणाली, "गारा काय तुला विचारून पडतात?" पण तिचेही डोळे भरले होते.

गेलेकनं 'अज्ञात'वर रेघ मारली आणि सेरझिंग लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पानं चिकटण्याचं कारण लिहिलं.

"अजून एक लिहा," छोझोम म्हणाली. "सामद्रुप आजोबांची चूक नव्हती."

असं नोंदवहीत लिहीत नाहीत. गेलेकनं लिहिलं.

पोथीला नवं पिवळं वस्त्र चढलं. आता ती आतल्या खोलीतल्या कपाटात जायची होती. पोथ्या हातगाडीवरून न्यायचा नियम होता. गेलेकनं हातगाडीकडे पाहिलं, छोझोमकडे पाहिलं, आणि गळ्यातला मफलर काढून पोथी तिच्या पाठीला बांधली.

आतल्या खोलीचं दार डावीकडे दहा पावलांवर होतं. छोझोम सरळ उलट्या बाजूला वळली आणि भिंतीकडेनं, मधली पोथ्यांची कपाटं प्रदक्षिणेसारखी उजव्या हाताला ठेवत, अख्ख्या दालनाची फेरी घालू लागली. टवका खांद्यात रुतत होता. तिला रडू येत होतं आणि पाय भराभर पडत होते. बायका उठून वाटेत वाकून उभ्या राहिल्या, पोथी डोक्याला लागावी म्हणून. सगळ्यांत पुढे देकी होती.

फेरी दारापाशी आली. तिथे वीतभर उंचीचा उंबरा होता. छोझोम थबकली.

"उंबरा आहे, आमा-ला. सांभाळून," शेजारून चालणारा गेलेक म्हणाला.

"दिसतोय मला," सुईचं भोक न दिसणारी ती म्हणाली. "पण हात दे, पोरा. त्या दिवशी सामद्रुप आजोबा काठावरच बसले होते. मी हाक मारली असती, तर त्यांनी दिला असता."

गेलेकनं हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरला आणि पलीकडे पाऊल टाकलं.