सासूबाईंचा शेक

माझ्या सासूबाई, सिद्धम्मा, चुलीतला निखारा बोटांनी उचलून बाजूला ठेवायच्या. चिमटा शेजारीच असायचा, पण तो हातात घ्यायला वेळ कुणाला! भाकरी उलटताना मी हात झटकला की म्हणायच्या, "लोण्याची बोटं घिऊन आलीय तुळजापुरातनं." त्याचा मला इतका राग यायचा की एकदा मी मुद्दाम भाकरी करपवली.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माकणीत आमचं शेत, आणि राज्य अजून निजामाचं. माझे मालक, सोमलिंग, त्या श्रावणात निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कँपात गेले होते. कुणी विचारलं तर सोलापूरच्या गिरणीत आहे म्हणायचं आणि घरात त्यांचं नाव काढायचं नाही, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. सासरे, बसप्पा, मुळातच कमी बोलणारे. त्यांना हे सोपं गेलं असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा देताना मामंजींची कंबर धरली. उठता येईना, बसता येईना. पाऊस उघडला होता. दोन-चार दिवसांत जमिनीला वाफसा येणार, पेरण्याजोगी ओल तेवढी राहणार, आणि ती ओल उडाली की बी उगवणार नाही. फार तर दहा दिवस हातात होते. भावकीतले जो तो आपापल्या रानात, पेरणीची तिफण धरायला दुसरा माणूस नाही. मामंजी उठले नाहीत तर वर्षाची भाकरी गेली, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

सासूबाईंनी तव्यावर वाळू आणि मीठ तापवलं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि तळहातावर धरून बघितली. "कोमट हाय," म्हणाल्या आणि मामंजींच्या कंबरेवर ठेवली. ते पालथे पडून होते. हूं नाही की चूं नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ असा शेक चालला. त्या बोलत होत्या, ते ऐकत होते. त्या घरात मी पाहिलेला लाड तेवढाच.

तिसऱ्या दिवशी धुवायला मामंजींची बंडी घेतली तर तिच्यावर पिवळट डाग, कापड कडक झालेलं. मी ती सासूबाईंना दाखवली. नवा शेक तयार होता, तो तसाच चुलीशी टाकून त्या धावल्या आणि कंबर उघडी करून बघितली. तळहाताएवढी जागा भाजून निघाली होती. फोड फुटले होते.

"अहो, तोंड न्हवतं का तुमाला? सांगायचं न्हाय?"

"तू एवढ्या मायेनं शेकत हुतीस," उशीत तोंड घालून मामंजी म्हणाले. "म्हणलं, शेक असाच असतोय."

मी चुलीशी जाऊन त्या पुरचुंडीला बोट लावलं आणि किंचाळलेच. सासूबाईंनी ती पुरचुंडी पुन्हा हातात घेतली. नुसती धरून बसल्या.

"माझं हात मेल्यात गं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं भाकऱ्या भाजून मेल्यात. म्या आता त्यास्नी हात लावणार न्हाय."

आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. लोण्याच्या बोटांना त्या एवढं हसल्या होत्या! पण मी ती पुरचुंडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

भाजलेल्या जागेवर स्वच्छ फडकं तेवढं टाकलं. शेक बंद पडला आणि कंबर आणखीच आखडली. शेजारच्या रानांत तिफणी सुरू झाल्या. सासूबाई मामंजींच्या खोलीत जेवण ठेवायच्या आणि न बघता बाहेर यायच्या. पाचव्या दिवशी मी सासूबाईंवर चिडले.

"आत्याबाई, गावातली तान्ही लेकरं कोण न्हाऊ घालतंय?"

"म्याच की."

"त्यांचं पाणी कशानं बघता?"

"कोपरानं..." म्हणाल्या आणि थांबल्या.

मग आम्ही दोघींनी नव्यानं शेक मांडला. पुरचुंडी आधी त्यांच्या कोपराला, मग माझ्या मनगटाला. मध्ये घोंगडीची घडी. भाजलेली जागा सोडून, बाजूबाजूनं, आणि चार-पाच भाकऱ्या होतील तेवढाच वेळ. पण मामंजी गप्पच राहिले तर या सगळ्याचा उपयोग काय? तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सुना सासऱ्याशी बोलतच नसत. मी पदर ओढून दाराशी उभी राहिले.

"मामंजी, चटका बसला तर सांगायचं. गप ऱ्हायलात तर म्या ही पुरचुंडी उकिरड्यावर टाकीन."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. उशीतून आवाज आला, "बरं, बाई."

आणि ते सांगू लागले! "जरा भाजतंय." सासूबाईंनी आणखी एक घडी घातली. "आता ब्येस." दुसऱ्या दिवशी, "डावीकडं घे." तिसऱ्या दिवशी शेक चालू असताना म्हणाले, "सिद्धे, तुझी अंबाड्याची भाजी मला कदी आवडली न्हाय."

"मग चाळीस वर्सं कशाला गिळली?" म्हणत सासूबाई इतक्या हसल्या की पुरचुंडी खाली पडली.

नवव्या दिवशी मामंजींनी तिफण धरली. ओल जेमतेम उरली होती. ते हळू चालत होते, मागून सासूबाई तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी नरसाळ्यात, बी सोडत होत्या. कंबर भरून आली की ते आपणहून सांगायचे आणि बैल थांबवायचे. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते तासाच्या, पेरणीच्या ओळीच्या, मधेच उभे होते.

"दुखतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाय." मामंजी तिफणीच्या रुमण्याच्या दांड्यावर हात ठेवून तसेच उभे. "सोमलिंगाची लई आठवण येती गं."

दोन महिन्यांत ते नाव मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. सासूबाईंच्या मुठीतलं बी मुठीतच राहिलं. मी तोंड फिरवून बांधावर जायला हवं होतं. गेले नाही.

"मलाबी येती, मामंजी," मी म्हणाले.