पार्वतीबाईंचा वूफर

गिऱ्हाइकानं कामात खोट काढली की माझं डोकं भडकतं, हे आधीच सांगते. अब्बा म्हणतात, "नाजिया, सबके रिमोट बनाती, तेरी जबान का कब बनाती गे?" लातूरच्या गंजगोलाईत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान हाय आणि वरच्या माडीवर माझं काम चालतं. घरात प्रोजेक्टरचा, अ‍ॅम्प्लिफायरचा, एसीचा, पडद्यांचा असे सतराशे साठ रिमोट पडलेले असतात. ते सगळे एका टॅबलेटवर आणायचे, आणि त्या काचेवर कोणतं बटण कुठं, केवढं, कोणत्या रंगाचं, ते त्या घरची माणसं बघून ठरवायचं. लोकांना वाटतं, चित्र तर काढायचंय. काढा म्हणावं!

निवृत्ती सरांचं काम आलं तेव्हा मी लई खुशीत होते. सरांचा फिजिक्सचा क्लास लातुरात असा जोरात, की भोकर-हिमायतनगरची पोरं सुद्धा इथं खोल्या घेऊन राहतात. सरांनी नवीन बंगला बांधला आणि तळमजल्यावर होम थिएटर केलं. सगळं आईसाठी.

"जत्रेतल्या तंबूत आई मला मांडीवर घेऊन सिनेमे बघायची," सर म्हणाले. "मग भूकंपात गाव गेलं. पत्र्याच्या शेडात राहिलो, माझं शिक्षण झालं, तिचा सिनेमा राहूनच गेला. आता तिनं एक तरी सिनेमा माझ्याशेजारी बसून शेवटपर्यंत बघावा, एवढंच पाहिजे मला. रिमोट तिला जमेल असा करा."

मी मन लावून केला. एका बटणावर दिवे मंद, पडदा खाली, सिनेमा सुरू. त्यांच्या आईला, पार्वतीबाईंना, मी मावशी म्हणते. मावशींनी बोट लावलं, सिनेमा लागला आणि थोड्या वेळात सगळं बंद! बघते तर मावशी अंगणात मेथी निवडत बसलेल्या.

"बटणं बारीक झाली," सर म्हणाले. मी मोठी केली. मावशी पुन्हा अंगणात. "अक्षरांपेक्षा चित्रं टाका." चित्रं टाकली. मावशी अंगणातच. "रंग भडक झालेत का?" सरांनी विचारलं आणि माझा पारा चढला.

"सर, पोरगं नापास झालं की तुम्ही दरवेळी पुस्तक बदलता का? पोराला विचारता तरी का कधी?"

पण बोलून बसल्यावर मलाच वाटलं, मावशींना मी तरी कुठं विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी सर क्लासला गेल्यावर मी मावशींजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तुम्ही सिनेमा बघा, मी नुसतं तुमचं बोट बघते." बोट काय झरझर चाललं त्यांचं! एसी कमी केला, आवाज वाढवला, कुठं म्हणून अडलं न्हाई. त्याआधी त्यांनी खुर्चीजवळ फरशीवर स्टीलचा एक पेला पालथा ठेवला आणि त्याच्यावर दुसरा. मला वाटलं, पाण्यासाठी असतील.

सिनेमात घोडे उधळले. वूफर, म्हणजे दणक्याचा स्पीकर, धाडधाड घुमला, फरशी थरथरली आणि पेले किणकिणले. मावशींचं बोट थेट 'सगळं बंद'वर! दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि "ऊठ गं माय!" करत मला ओढतच अंगणात आणलं.

बाहेर आल्यावर त्या ओशाळून हसल्या. "शेडात असताना आम्ही सगळ्या बाया असंच भांड्यावर भांडं ठेवायचो. वाजलं की लेकरू उचलायचं अन् बाहेर पळायचं. भूकंप झाला त्या विसर्जनाच्या रात्री दमून झोपलो होतो गं, घर कधी अंगावर आलं कळलंच न्हाई. हे सिनेमाचं हाय, मला कळतंय. पण पायाला कळत न्हाई."

"मग सरांना का न्हाई सांगितलं?"

"एवढ्या हौसेनं केलंय लेकरानं. कोणत्या तोंडानं सांगू?"

पण माझ्या पोटात काही राहत न्हाई. संध्याकाळी सरांना सांगून टाकलं. सरांचा चेहरा पडला. मग मास्तरच ते, आईला समजावायला बसले. ही ध्वनिलहर हाय, आपले कॉलम असे, बीम तसे, घाबरण्यासारखं काही न्हाई. मावशी "हाव रे बाबा, हाव" म्हणत राहिल्या. पुन्हा सिनेमा लावला, वूफर वाजला आणि मावशी निघाल्या अंगणात.

"काढूनच टाका तो वूफर," सर म्हणाले.

"काढू नको," मावशी दारातूनच बोलल्या. "घोड्याच्या टापा मला लई आवडायच्या."

आता बोला! वूफर नको आणि टापा पाहिजेत. घरी येऊन मी आधी अब्बांवर चिडले, मग कामाला बसले. सगळी बटणं मागच्या पानावर टाकली. पुढं फक्त सिनेमा सुरू करायचं बटण ठेवलं आणि शेजारी अंगठ्याएवढी रुंद एक उभी पट्टी. पट्टी अगदी खाली असली की वूफर बंद. अंगठा जेवढा वर, तेवढा दणका. खाली लिहिलं 'गप', वर लिहिलं 'धडाम'. सिनेमा लागताना ती कायम 'गप'वरच असणार.

रविवारी सकाळी टॅबलेट घेऊन गेले. सर वर दाढी करत होते, त्यांना मी आल्याचं ठाऊकच न्हाई. आम्ही दोघींनी सिनेमा लावला. घोडे गुपचूप पळाले. मावशींनी अंगठा जरासा वर नेला; फरशी थरथरली, अंगठा झटकन खाली. फरशी शांत. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"हे मी हलवून राहिले का?"

"हाव मावशी, तुम्हीच."

त्या पट्टीकडं बघत राहिल्या. मग लहान पोरीसारख्या हसल्या आणि अंगठा नेला थेट 'धडाम'वर! या खुदा! अख्खा बंगला घुमला.

वरून पायऱ्यांवर धपाधप पावलं वाजली. बनियनवर, अर्ध्या गालाला फेस, डोळे पांढरे झालेले निवृत्ती सर खोलीत शिरले. "आई! बाहेर चल!" म्हणत त्यांनी आईला खुर्चीतून दोन्ही हातांनी उचललंच.

मावशींनी त्यांच्या कडेवरूनच वाकून खुर्चीतल्या टॅबलेटवर अंगठा खाली आणला. सगळं शांत झालं.

"आरं, मी हाय," त्या म्हणाल्या. "मीच हलवलं."

सरांनी त्यांना खाली ठेवलं आणि मटकन बसले. मला हसू येईना आणि रडूही येईना. मावशींनी पदरानं त्यांच्या गालावरचा फेस पुसला.

"बस माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "सिनेमा अर्धाच झालाय."

सर बसले. मी गुपचूप मागच्या खुर्चीवर सरकले. पुढं घोडे पुन्हा उधळले तसा मावशींनी अंगठा वर नेला आणि खुशीत मान डोलवायला लागल्या. सरांनी त्यांच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"आई," ते हळूच म्हणाले, "जरा कमी कर ना."

मावशींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि अंगठा खाली आणला.